पाऊण तासात जेवायचं कुठे?

पत्र: "मी मूळची सांगलीची. हुतात्मा चौकाजवळ एका विमा कार्यालयात सहा महिन्यांपूर्वी नोकरीला लागले. डोंबिवलीत मैत्रिणींबरोबर राहते, सकाळची गाडी पकडायच्या धांदलीत डबा होत नाही. जेवणाची सुट्टी एक ते पावणेदोन. मोबाइलवरून मागवलं तर थंड येतं आणि महाग पडतं. बाहेर पडलं तर सगळीकडे रांग. पावसाळ्यात दोनदा पोट बिघडलं. महिन्याला साडेतीन हजारांच्या वर खर्च परवडत नाही. मासे आवडतात, पण सोमवार-गुरुवार-शनिवार खात नाही, शिवाय संकष्टी असते. रोज कुठे जेवू?" – एक वाचक, फोर्ट

उत्तर:

नावं देतोच, पण आधी घड्याळ बघू. फोर्टात दुपारी हॉटेल चुकलं तर एका दिवसाची चव जाते, वेळ चुकली तर जेवणच जातं.

तुमची पंचेचाळीस मिनिटं अशी जातात: लिफ्टने खाली-वर सहा, चालणं जाऊन-येऊन दहा, जागेसाठी थांबणं आठ, जेवण अठरा, हात धुणं आणि बिल तीन. म्हणजे एका बाजूला पाचच मिनिटं चालायला मिळतात, आणि फोर्टच्या फुटपाथवर फेरीवाले, कुरियरच्या गोण्या चुकवत पाच मिनिटांत साडेतीनशे मीटर झाले तर पुष्कळ. या वर्तुळात नगीनदास मास्टर रोड येतो, हॉर्निमन सर्कलची अलीकडची बाजू येते, फिरोजशहा मेहता रोड आणि त्याला फुटणाऱ्या गल्ल्या येतात. सीएसएमटी, चर्चगेट आणि बेलार्ड इस्टेट बाहेर राहतात. लोक तुम्हाला ज्या प्रसिद्ध जागा सुचवतात त्यातल्या निम्म्या या वर्तुळाबाहेरच्या आहेत.

आता एक वाजताचं गणित. चाळीस खुर्च्यांचं उडपी घ्या. पहिली पंगत पाऊण ते एकच्या दरम्यान बसते आणि साधारण सव्वा वाजता उठू लागते. तुम्ही एकला निघून एक वाजून आठ मिनिटांनी दारात उभ्या राहता, तेव्हा प्रत्येक ताटात नुकता भात पडलेला असतो. याहून वाईट वेळ नाही. एक वीसला त्याच दारात चार खुर्च्या रिकाम्या होत असतात. साहेबांशी बोलून सुट्टी साडेबाराला किंवा सव्वाला करून घेता आली तर निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. दोघी-तिघींनी आळीपाळीने जाण्याचं ठरवलं तर कार्यालयालाही टेबल रिकामं राहत नाही म्हणून ते सोपं जातं, बहुतेक साहेब नाही म्हणत नाहीत. ते जमलं नाही, तर एकला निघण्याच्या दिवशी उभ्याने खायचं काहीतरी ठेवा आणि बसून जेवणं उशिराच्या दिवशी.

एकटीने किंवा दोघींनी जा. पाच जणींचा घोळका पाच खुर्च्यांची वाट बघतो, एकटी बाई चौघांच्या टेबलावरच्या चौथ्या खुर्चीवर लगेच बसते. दुपारी टेबल वाटून घेणं हा फोर्टचा रिवाज आहे, त्यात संकोच नको. खुर्चीकडे हात करून समोरच्याकडे बघायचं, तो मान हलवतो, झालं. जेवून झाल्यावर मोबाइल काढून बसायचं मात्र नाही. मागे कोणीतरी तुमच्या खुर्चीवर डोळा ठेवून उभं असतं आणि वेटर पुसायचं फडकं हातात घेऊन तुमच्याकडेच बघत असतो.

जागा शोधायच्या कशा? दादाभाई नौरोजी रोडवर दर्शनी जागा असलेल्या हॉटेलांना भाडं सुटायला हवं, त्यामुळे ताटही तसंच. तुम्ही आतल्या गल्ल्यांत शिरा: पिठा स्ट्रीट, कावसजी पटेल स्ट्रीट, रुस्तम सिधवा मार्ग (जुने लोक अजून गनबो स्ट्रीटच म्हणतात), आणि एखाद्या दिवशी वेळ असेल तर बोरा बाजार. अर्ध्या जिन्यावर, पोटमाळ्यावर, पहिल्या मजल्यावर पाटी लटकत असते ती बघा.

एक बुधवार फक्त पाहणीला द्या. त्या दिवशी पिशवीत केळी-बिस्किटं ठेवा आणि एक ते एक वीस नुसतं फिरा. कोण जेवतंय ते बघा. गळ्यात ओळखपत्र अडकवलेले, बँकेतले, वकिलांचे कारकून, कार्यालयातले शिपाई एकाच टेबलावर दिसले तर ती रोजच्या जेवणाची जागा. सगळ्यांच्या हातात मेन्यूकार्ड असेल तर ती पाहुण्यांची. नेहमीचं गिऱ्हाईक कार्ड मागत नाही. मग दाराजवळचा फळा बघा. दीड-पावणेदोनला दोन-तीन पदार्थ खोडलेले असतील तर फार चांगलं लक्षण, कारण तिथे मापात रांधतात आणि रांधलेलं संपतं. साडेतीनलाही दीडशे पदार्थांपैकी एकही 'संपला' नसेल तर त्या स्वयंपाकघरात मोठा फ्रीज आहे एवढं समजावं. हात धुण्याच्या बेसिनला साबण आहे का तेही बघा. तो नसेल तर आतल्यांच्या हातालाही नसणार.

मोबाइलवरच्या नकाशात जागेला मिळालेल्या तारकांवर जाऊ नका. त्या बहुतेक रात्री जेवायला येणाऱ्यांच्या आणि घरी मागवणाऱ्यांच्या असतात. त्याच नकाशात जागेच्या नावाखाली तासातासाच्या गर्दीचे उभे पट्टे दिसतात, ते जास्त कामाचे. सोमवार ते शुक्रवार एकच्या सुमाराला पट्टा उंच आणि रविवारी काहीच नाही, असं चित्र दिसलं की ती नोकरदारांची जेवणाची जागा. शोधताना 'उत्तम रेस्टॉरंट' असं न लिहिता 'राईस प्लेट', 'लंच होम', 'खानावळ' असं लिहा. निकाल वेगळेच येतात.

आता राईस प्लेट. तुमच्या आठवड्याचा कणा हाच असणार, म्हणून तिच्यावर थोडं जास्त. दुपारी साधारण साडेअकरा-बारापासून तीनपर्यंत मिळणारं हे ताट: दोन चपात्या किंवा तीन पुऱ्या, एक सुकी भाजी, एक रस्सा किंवा उसळ, डाळ, सांबार नाहीतर रसम, भात, दही किंवा ताक, पापड, लोणचं, आणि कधी चमचाभर शिरा. सगळं आधीच तयार असतं, म्हणून बसल्यावर चार-पाच मिनिटांत समोर येतं. त्याच हॉटेलात त्याच वेळी पनीरची भाजी आणि रोटी मागितली की वीस मिनिटं गेली, कारण ती भाजी कढईत नव्याने परतावी लागते आणि तंदूरवाल्यापुढे आधीच चिठ्ठ्यांची माळ असते. डोशाचंही तेच. तव्यावर एका वेळी पाच-सहा डोसे पडतात, तुमचा नंबर चौथ्या फेरीत असेल तर तुम्ही काहीही म्हणा, तो चौथ्या फेरीतच येणार. डोसा बारापूर्वी किंवा चारनंतर खायचा.

ऑर्डर एका दमात द्या: "एक राईस प्लेट, पुरी, भात अर्धा आणि मागून, दह्याऐवजी ताक." यातल्या प्रत्येक शब्दाला कारण आहे. पुऱ्या एका घाण्यात दहा-बारा निघतात, म्हणून गर्दीत त्या गरम मिळतात. चपाती तव्यावर एकेक होते आणि सव्वाच्या सुमाराला एक तर संपलेली असते नाहीतर सकाळची, वातड. तुम्हाला तळलेलं नको असेल तर चपातीच घ्या, पण ती लवकर गेलात तर. भात मागून म्हटलं नाही तर तो पहिल्याच फेरीत वाटीने उपडा करून ताटात येतो आणि भाजी-पुरी संपेपर्यंत निवतो. आणि अर्धा अशासाठी की पूर्ण मूद खाल्ली की तीन वाजता टेबलावर मान पडते. ताकाने जेवण उरकतं लवकर.

काही ठिकाणी 'लिमिटेड' आणि 'अनलिमिटेड' असे दोन दर असतात. तुमच्या अठरा मिनिटांत अनलिमिटेड वसूल होत नाही, लिमिटेड घ्या. वातानुकूलित खोलीत तेच ताट जास्त दराने मिळतं. बाहेर पंख्याखाली बसा. आधी कुपन काढायची पद्धत असेल तर रांगेत उभं राहण्याआधी फळा वाचून ठेवा. खिडकीपाशी पोहोचून "काय आहे?" विचारणाऱ्या माणसाबद्दल मागची रांग काय बोलते ते ऐकण्यासारखं नसतं.

पिठा स्ट्रीटला केरळी जेवण मिळतं, केळीच्या पानावर. 'डिलक्स' आणि 'टेस्ट ऑफ केरला' ही दोन्ही नावं फोर्टात जुनी आहेत. जाडसर उकडा भात, सांबार, रसम, ओलं खोबरं घातलेली सुकी भाजी (तिला तोरण म्हणतात), दह्यातली पचडी, पापडम, शेवटी पायसम म्हणजे खीर. भात वाढायला वाढपी फिरत असतो. नको असेल तेव्हा पान आपल्याकडे दुमडायचं, नाहीतर तो वाढतच राहतो. मासळीची आमटी वेगळी मागता येते. ओणमच्या दिवसांत मात्र इकडे फिरकू नका, सद्यासाठीची, म्हणजे ओणमच्या खास जेवणाची, रांग तुमच्या पाऊण तासात हलणार नाही.

माशांसाठी गनबो स्ट्रीटवरचं 'प्रदीप गोमांतक' ठरवून ठेवा, पण ते तुमच्या वर्तुळाच्या काठावर आहे, सुट्टी उशिरा मिळेल त्या दिवशीच. तुमचे खायचे वार मंगळवार, बुधवार, शुक्रवार. बुधवार-शुक्रवार मालवणी-गोमंतकी जागांना सगळ्यात जास्त गर्दी असते, तेव्हा मंगळवार धरा. बसल्यावर पहिला प्रश्न "थाळीत आज कुठला मासा?" आणि दुसरा "तुकडा की अख्खा?" बांगडा अख्खा येतो आणि स्वस्त असतो, सुरमईचा तुकडा येतो आणि त्याची जाडी मालकाच्या मनावर असते. सोलकढी थाळीत धरली आहे की वेगळी, हेही आधीच. कार्डावर पापलेट किंवा खेकड्यापुढे आकड्याऐवजी 'साईझप्रमाणे' असं लिहिलेलं असेल तर भाव विचारल्याशिवाय मान डोलवू नका. बिलावरचे वाद बहुतेक त्या एका शब्दावरून होतात.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. त्या दोन महिन्यांत मिळणारी सुरमई बहुतेक बर्फातली किंवा दुसऱ्या किनाऱ्यावरची. तेव्हा थाळीपेक्षा सुकट, जवळा, सोड्यांची खिचडी मागवा. ते मुळातच पावसाळ्यासाठी वाळवून ठेवलेलं असतं, चव उतरत नाही.

कावसजी पटेल स्ट्रीटवरचं 'महेश लंच होम' तुमच्या वर्तुळात आहे आणि नावात लंच होमही आहे. ते खरोखर नोकरदारांच्या जेवणाची जागा म्हणूनच सुरू झालं. आज ते मंगळुरी माशांचं नावाजलेलं रेस्टॉरंट आहे आणि बिलही तसंच येतं. पगारवाढीच्या दिवशी जा, नीर डोसा आणि गस्सी (नारळाच्या वाटणाचा रस्सा) घ्या. तसंच बेलार्ड इस्टेटचं 'ब्रिटानिया', १९२३ पासूनचं. बेरी पुलाव खायला जरूर जा, पण सुट्टी टाकून, तासभर मोकळा काढून. काळा घोड्याची 'चेतना' आणि चर्चगेटचं 'सम्राट' इथल्या थाळ्या सावकाश वाढल्या जातात, त्या आई-बाबा सांगलीहून आले की.

उभ्याने खायच्या दिवसांबद्दल. इराणी हॉटेल दिसलं तर खिमा पाव किंवा अंडा-ब्रुन (ब्रुन म्हणजे कडक पाव) पाच मिनिटांत मिळतं. वर्ज्य वारी ब्रुन मस्का आणि चहा, पण ते जेवण नव्हे, चारला परत भूक लागणार. न्यू मरीन लाइन्सला एसएनडीटी विद्यापीठाजवळ खाऊगल्ली आहे, तुमच्याकडून क्रॉस मैदान ओलांडून. चालणं लांबतं, पण बसायला थांबावं लागत नाही, म्हणून हिशेब जुळतो.

खाऊगल्लीत नियम एकच धरा, तव्यावरून किंवा टोस्टरमधून थेट हातात येईल तेच. सँडविचवाल्याकडे दोन मिनिटं उभं राहून बघा. चांगला सँडविचवाला काकडी-टोमॅटो तुमच्यासमोर कापतो, उकडलेला बटाटा आणि बीट झाकून ठेवतो, लोणी पावाच्या कडेपर्यंत लावतो (कडा कोरड्या राहिल्या की चटणीचं पाणी पाव भिजवतं), हातटोस्टर दोन्ही बाजूंनी उलटतो आणि सुरी पुसून मगच सहा तुकडे करतो. कापलेल्या भाज्यांचा ढीग उघड्यावर, त्यावर ओलं फडकं, असं दिसलं तर पुढच्या गाड्याकडे जा. टोस्ट केलेलंच घ्या. पोट बिघडवते ती कच्ची हिरवी चटणी, म्हणून पावसाळ्यात "चटणी आतून, वरून नको" असं सांगा, भाजली तरी जाते.

तुमचं पोट दोनदा बिघडलं ते नेमकं कशाने हे पत्रावरून सांगता येणार नाही, पण संशयित ठरलेले आहेत. पहिला भात. शिजवलेला भात तासन् तास कोमट राहिला की त्यात बॅसिलस सीरिअस नावाचे जिवाणू वाढतात आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. राईस प्लेटच्या गर्दीच्या ठिकाणी दर अर्ध्या तासाला नवं पातेलं उतरतं, तिथे भीती कमी. गाडीवरच्या फ्राइड राईसला मात्र मुद्दाम गार भात लागतो, नाहीतर तो चिकटतो. तो सकाळचा की कालचा हे विचारून कळत नाही. दुसरा खोबऱ्याची चटणी, उकाड्यात ती लवकर आंबते. तिसरा बर्फ. न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालण्याचा आदेश महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली काढला. सरबताच्या पेल्यात निळसर झाक दिसली तर पेला तसाच ठेवा. पांढरा बर्फ मात्र आपोआप चांगला ठरत नाही, त्यामुळे पावसाळ्यात बिनबर्फाचंच ताक.

बिल वाचायची सवय लावा. साध्या रेस्टॉरंटात जीएसटी ५ टक्के, वातानुकूलित असो वा नसो. 'सर्व्हिस चार्ज' लावलेला असेल तर तो द्यायची सक्ती नाही, काढायला सांगा. ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. बिलावर चौदा आकडी अन्नसुरक्षा परवाना क्रमांक छापणं जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे. तो नसलेल्या ठिकाणी रोजचं जेवण नको. आणि शंभराच्या दोन नोटा पर्समध्ये असू द्या, पोटमाळ्यावर मोबाइलला रेंज नसली की पैसे फिरत राहतात आणि तुमची तीन मिनिटं आठ होतात.

पैशांचं असं बसतं. साडेतीन हजार भागिले बावीस दिवस म्हणजे दिवसाला १५९ रुपये, पण रोज १५९चं जेवण शोधू नका. बारा दिवस राईस प्लेट १४० धरून १६८०. पाच दिवस उभ्याने ८० प्रमाणे ४००. तीन मंगळवार माशांचे ३०० प्रमाणे ९००. दोन दिवस केरळी किंवा इराणी मनसोक्त, २५० प्रमाणे ५००. एकूण ३४८०. वरचे वीस चहाचे. दर अंदाजाचे आहेत, तुमच्या गल्लीतल्या फळ्यावरचे आकडे घालून पुन्हा मांडा. जागा तीन पक्क्या करा आणि एक राखीव, जिथे चव बेताची पण जागा हमखास मिळते. एकाच ठिकाणी आठवड्यातून दोनदा, शक्यतो ठरल्या वारी गेलात की महिन्याभरात वेटर खुर्ची दाखवायला लागतो आणि "भात मागून" सांगावं लागत नाही.

महिनेवारी डबाही मिळतो. फोर्टात घरगुती डबे पुरवणारे बरेच आहेत. घ्यायचाच असेल तर आधी एक आठवडा पैसे भरून बघा, सुट्टीच्या दिवसांचे पैसे वळते होतात का ते विचारा, आणि कार्यालयात बसून खायला टेबल आहे का याचा विचार आधी करा. ते नसेल तर डब्याचा उपयोग नाही.

राहिली संकष्टी. चंद्रोदयापर्यंत काहीच खात नसाल तर प्रश्न नाही. फराळ चालत असेल तर सीएसएमटीसमोर कॅपिटॉल सिनेमाच्या इमारतीतल्या 'आराम'मध्ये साबुदाणा वडा मिळतो, पण हुतात्मा चौकातून चालत बारा मिनिटं लागतात. परतीचं चालणं आणि लिफ्ट धरून हातात पंधरा मिनिटं उरतात, तेवढी वड्याला पुरतात. गेल्यावर "आत्ता घाणा पडतोय का?" एवढंच विचारा. पडत असेल तर दोन मिनिटं थांबून गरम घ्या. पडत नसेल तर तळून ठेवलेला वडा आतून गोळा झालेला असतो, तो सोडा आणि पियुष घेऊन परत फिरा.